पर्यायी मार्गाचा अवलंब करावा

पुण्यात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक चौकट असते. सोन्याचा भाव, आजचे कार्यक्रम आणि कुणाची तरी एकसष्टी यांच्या मधे कुठेतरी तिला जागा मिळते. मथळा ठरलेला: ‘वाहतुकीत बदल’. बाकीचं पान डोळ्यांनी वाचून होतं, ही चौकट मात्र बोटानं वाचावी लागते. अमुक चौकाकडून तमुक चौकाकडे जाणाऱ्या वाहनांनी डावीकडे वळून, पुढे उजवीकडे वळून, मग पुलाखालून यू-टर्न घेऊन इच्छित स्थळी जावे. बोट डावीकडे जातं, उजवीकडे जातं, पुलाखालून फिरतं, आणि चहा गार होईपर्यंत ध्यानात येतं की या वर्णनाबरहुकूम आपण पुन्हा आपल्याच घरामागच्या गल्लीत येऊन पोचलो आहोत. शेवटच्या दोन गोष्टी कधी बदलत नाहीत. एक, अग्निशमन दल, पोलीस आणि रुग्णवाहिका यांना यातून वगळलं आहे. दोन, बाकीच्यांनी पर्यायी मार्गाचा अवलंब करावा.

पुणे मेट्रोचं भूमिपूजन २४ डिसेंबर २०१६ रोजी झालं. तेव्हापासून ही चौकट अशा नेमानं येत राहिली की शहरात एवढं सातत्यानं लिहिणारा दुसरा लेखक झाला नसेल. आणि एवढं लिहून इतका कमी वाचला गेलेला तर नाहीच नाही. कारण पुणेकराचा एक पक्का समज आहे. सूचना असते ती बाहेरगावच्यांसाठी. आपल्याला बोळ माहीत आहेत.

हा समज अगदीच खोटा म्हणता येत नाही. पेठांमधले रस्ते मुळात माणसांनी पायी चालावं आणि अधूनमधून एखादी पालखी किंवा घोडा जावा एवढ्याच बेतानं पडलेले. त्यांच्यावर मोटारींचं ओझं आलं तेव्हा आपण एकेरी वाहतुकीची युक्ती काढली. शिवाजी रस्त्यानं स्वारगेटकडे जायचं, बाजीराव रस्त्यानं शनिवारवाड्याकडे यायचं, लक्ष्मी रस्त्याला लागलं की निमूट अलका टॉकीजपर्यंत जायचं. सम तारखेला गाडी या कडेला लावायची, विषम तारखेला त्या कडेला. तारीख विसरलेल्या माणसाची गाडी टेम्पोत चढलेली दिसायची आणि त्यावरून इतरांना तारीख कळायची. २०१८ मध्ये शहरातल्या नोंदणी झालेल्या वाहनांची संख्या लोकसंख्येच्या पुढे गेल्याच्या बातम्या आल्या, तेव्हाही पेठेतल्या माणसाला आश्चर्य वाटलं नाही. ती सगळी वाहनं आपल्याच दारासमोर लावलेली असतात, हे त्याला आधीपासून माहीत होतं.

अशा काठोकाठ भरलेल्या हिशेबात मेट्रोच्या कामाभोवतीचे पत्रे आले. राहत्या घरात लग्न निघालेलं असावं, पाहुणे उतरलेले असावेत आणि नेमकी त्याच आठवड्यात स्वयंपाकघराची फरशी उखडावी, तसं झालं. फरशी चांगली होणार, याबद्दल कुणाला शंका नव्हती. प्रश्न एवढाच, की तोवर चूल कुठे मांडायची?

खाली जमिनीत मात्र सगळं शिस्तीत चाललं होतं. बोगदे खणणाऱ्या यंत्रांना मुळा, मुठा, पवना अशी नद्यांची नावं दिली होती. त्यांनी कसबा आणि बुधवार पेठेच्या पोटातून, खुद्द मुठेच्या पात्राखालून वाट काढली. जिल्हा न्यायालयाचं स्थानक तर जमिनीखाली ३३ मीटरवर आहे. तिथे त्या यंत्रांना समोरून उलट्या दिशेनं कुणी आलं नाही, मधेच कुणी गाडी लावून ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून गेलं नाही. वर रस्त्यावर ही सोय नव्हती. भुयारी मार्ग जमिनीखालून जातो हे खरं; पण त्याची स्थानकं वरून खड्डा घेऊनच बांधावी लागतात, आणि मंडई, कसबा, स्वारगेट या ठिकाणी खड्डा घ्यायचा म्हणजे शहराच्या नाडीवरच बोट ठेवायचं.

पर्यायी मार्गाची गंमत अशी, की तो एकट्याला माहीत असतो तोवरच पर्यायी असतो. पहिल्या दिवशी एक जण नारायण पेठेतल्या कुठल्याशा बोळातून सुटतो आणि कचेरीत ती बातमी विजयी मुद्रेनं सांगतो. दुसऱ्या दिवशी अख्खी कचेरी त्या बोळात असते. तिसऱ्या दिवशी फोनमधला नकाशाही तोच बोळ दाखवायला लागतो आणि मग हिंजवडीहून लग्नाला आलेल्या मोटारी वाड्याच्या दिंडी दरवाज्यासमोर येऊन उभ्या राहतात. अशाच एका मोटारीला कट्ट्यावर बसलेले आजोबा समजावून सांगत होते, “पुढे जाऊ नका. पुढे आमचं घर आहे.”

“पण काका, मॅपवर रस्ता दाखवतोय.”

“मॅपला सांगा, रस्ता बरोबर आहे. फक्त तो न्हाणीघरापाशी संपतो.”

या सगळ्या गोंधळात वाहतूक खऱ्या अर्थानं सांभाळली ती त्या चौकटीनं नव्हे. ती सांभाळली चौकाचौकांत उभ्या असलेल्या वॉर्डन पोरांनी. अंगात चमकणारं जाकीट, तोंडात शिट्टी, हातात लाल दांडकं. पोलिसाचा अधिकार नाही, पावती फाडायची मुभा नाही, कुणी दमात घेतलं तर गप्प बसायचं. मंडईच्या बाजूला पत्र्यांनी रस्ता निम्मा खाल्ला होता तेव्हा तिथे असाच एक विशीतला मुलगा असे. त्याच्या कामाची एक पद्धत होती आणि ती पाहत राहावी अशी होती. दुचाक्यांकडे तो बघतही नसे. त्या पाण्याला कोण अडवणार? मोटारवाल्यांना तो अंदाजानं सोडी. पण लांबून शहराची बस वळताना दिसली की त्याच्यात बदल होई. शिट्टी वाजे, दांडकं आडवं होई, दोन्ही बाजूंच्या मोटारी थांबत, एका हातगाडीवाल्याला तो खांद्याला धरून मागे सारी, आणि बस त्या चिंचोळ्या फटीतून अलगद पार होई. मगच बाकीच्यांचा नंबर.

एकदा थांबून मी विचारलं, “बसला एवढा मान का रे देतोस?”

तो म्हणाला, “मान कसला काका. ती अडकली तर हलवता येत नाही. मागे घेता येत नाही. मग सगळंच बंद. म्हणून तिला आधी काढायची. आणि आतली माणसं मोजा की.”

वाहतूकशास्त्राचे ग्रंथ त्यानं वाचले नव्हते, वाचायची गरजही नव्हती. रस्ता अरुंद झाला की त्यावरून किती गाड्या जातात हे मोजायचं नसतं. किती माणसं जातात हे मोजायचं असतं. बसला जेवढी जागा लागते तेवढ्यात दोन-तीन मोटारी मावतात, आणि त्यांत मिळून चार माणसं. हा हिशेब त्या मुलाला चौकात उभं राहून कळला. आपल्या जाहीर चौकटीला तो इतक्या वर्षांत कळलेला दिसत नाही. पुन्हा बोट ठेवून वाचून पाहा. जड वाहनांनी इकडून जावं, चारचाकींनी तिकडून जावं, दुचाकींना अमुक गल्ली खुली. बस कुठून जाईल, कुठे थांबेल, थांबा हलला तर कुठे हलला, याचा बहुधा पत्ता नाही. पायी चालणारा माणूस तर त्यात वाहनच नसल्यामुळे येत नाही.

त्याचा परिणाम बसमध्ये बसल्यावर समजे. त्या काळात एकदा मंडईची पाटी असलेल्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर दोन रिकाम्या पिशव्या घेतलेल्या एक बाई होत्या. गाडी नेहमीच्या चौकात वळायच्या ऐवजी सरळ निघाली, तशा त्या उठल्या.

“अहो, मंडई?”

“मावशी, गाडी मंडईला जात नाही आता. शनिपारला उतरा.”

“मग वर पाटी आहे ना मंडईची?”

कंडक्टर समजूतदार होता. म्हणाला, “पाटी जुनी आहे मावशी, रस्ता नवा आहे.”

बाई उतरल्या. उतरताना त्यांनी सरकारला काही म्हटलं नाही, मेट्रोला काही म्हटलं नाही, फक्त जाताना दोन्ही पिशव्या भरलेल्या असतील याचा विचार करून एक सुस्कारा टाकला. पुढची वाट म्हणजे एका बाजूला पत्रे, दुसऱ्या बाजूला दुचाक्या आणि मधे एका माणसापुरती जागा. पदपथ पत्र्यांच्या आत गेलेला. समोरून कुणी आलं की एकानं अंग चोरायचं. अशा ठिकाणी पुणेकर कधी नव्हे ते एकमेकांना ‘तुम्ही आधी’ म्हणू लागले होते. मेट्रोनं शहराला दिलेली ही पहिली सुधारणा. पहिली गाडी धावायच्या आधीची.

आणि ज्यांच्यासाठी मेट्रो बांधायची ती हीच मंडळी. ज्याच्याकडे मोटार आहे तो मोटारीतच बसून मेट्रोचं कौतुक करतो. मेट्रोत चढणार कोण, तर आज बसनं जाणारा, शेअर रिक्षानं जाणारा, पायी जाणारा. उद्याच्या प्रवाशालाच आज सगळ्यात लांबचा वळसा पडावा, हा आपल्या नियोजनातला विनोद आहे. फक्त हसायला जमत नाही.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण शिवाजीनगरला आहे. भुयारी स्थानकाच्या कामासाठी २०१९च्या डिसेंबरअखेरीस तिथलं एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवलं. हलवताना सांगितलं गेलं ते काही वर्षांपुरतं. नाशिक, मराठवाडा, विदर्भातून आलेला माणूस पहाटे बोचकं घेऊन वाकडेवाडीला उतरू लागला आणि तिथून रिक्षावाल्यांच्या हवाली होऊ लागला. २०२३च्या १ ऑगस्टपासून शिवाजीनगरच्या भुयारी स्थानकात मेट्रो धावू लागली. सरकते जिने आले, गारवा आला, पाट्या आल्या. २०२५ उजाडलं तरी एसटी वाकडेवाडीलाच होती. सार्वजनिक वाहतुकीसाठी सार्वजनिक वाहतूक हलवली आणि परत आणायची राहून गेली. मोटारींचा एखादा रस्ता इतकी वर्षं वळसा घालून ठेवला असता तर शहरानं महापालिकेचं छप्पर डोक्यावर घेतलं असतं.

पुणेकर भांडत नाही असं नाही. तो उत्तम भांडतो. विषय मात्र स्वतः निवडतो. २०२१ मध्ये लकडी पुलावरून जाणाऱ्या मेट्रोच्या मार्गाचा वाद पेटला. हरकत अशी, की मेट्रोची कमान आडवी आली तर विसर्जन मिरवणुकीतले उंच रथ जाणार कसे? काम थांबलं, बैठका झाल्या, उंची मोजली गेली, आंदोलनं झाली, शेवटी वर्ष सरता सरता काम पुन्हा सुरू झालं. वर्षातून एकदा जाणाऱ्या गणपतीच्या रथाच्या उंचीवर एवढी चर्चा झाली याबद्दल माझी तक्रार नाही. गणपती आपलाच आहे. पण त्याच पुलावरून वर्षाचे बाकीचे दिवस चालत जाणाऱ्या माणसाच्या रुंदीवर पाव बैठक तरी व्हायला हरकत नव्हती. बाकी मेट्रोवाल्यांनी आपल्याकडून मन राखायचा प्रयत्न केलाच. डेक्कन आणि संभाजी उद्यानाच्या स्थानकांना त्यांनी मावळ्यांच्या पगडीचा आकार दिला. गाडीचं तिकीट काढायच्या आधी पगडीखालून जायचं म्हटल्यावर विरोध करणार कोण!

मग आला मुठेवरचा भिडे पूल. पावसाळ्यात तो पाण्याखाली गेला की खडकवासला धरणातून विसर्ग वाढला हे शहराला कळतं. त्यासाठी पाटबंधारे खात्याला विचारावं लागत नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये हा पूल कोरडा असतानाच बंद झाला. कारण काय, तर डेक्कनच्या मेट्रो स्थानकातून नदी ओलांडून थेट नारायण पेठेकडे पायी येता यावं म्हणून पादचारी पूल बांधायचा होता. म्हणजे एवढ्या वर्षांत पहिल्यांदा चालणाऱ्याच्या सोयीसाठी वाहनांना सांगितलं गेलं, बाबांनो, तुम्ही जरा वळसा घ्या. त्यावर जो गहजब झाला तो ऐकण्यासारखा होता. पुढे गणेशोत्सवापुरता पूल खुला करावा लागला. मला स्वतःला त्या बंदीत फार समाधान वाटलं. वळशाचं ओझं एकदा तरी योग्य खांद्यावर गेलं.

रस्ता अडला की शहर कोलमडेल, ही भीती दर वेळी घातली जाते आणि दर वेळी ती थोडी खोटी ठरते. १९९८ मध्ये लंडनमधल्या काही वाहतूक अभ्यासकांनी निरनिराळ्या देशांत रस्त्यांची रुंदी कमी झाल्यावर काय घडलं, याची कितीतरी उदाहरणं तपासली. त्यांना आढळलं, की सगळीच वाहतूक शेजारच्या रस्त्यावर जात नाही. त्यातली काही चक्क नाहीशी होते. पुण्यात हे शोधायला अभ्यासक लागत नव्हते. लक्ष्मी रस्त्यावर साडी घ्यायला गाडी काढून जाणारं कुटुंब दोनदा कोंडीत अडकलं की तिसऱ्यांदा कोथरूडमध्येच साडी घेतं. मुलाला क्लासला सोडायला जाणारे बाबा त्याला सायकल घेऊन देतात. ज्याचं काम फोनवर होण्यासारखं असतं त्याला ते एकाएकी आठवतं. पण नाहीशी झालेली ही माणसं घरी बसावीत की बसमध्ये बसावीत, हे मात्र आपण ठरवायचं असतं. बस वेळेवर आणि सलग येत असेल तर कोंडीतून सुटलेला माणूस तिच्यात बसतो आणि मेट्रो सुरू झाल्यावर तिकडे जातो. बस त्याच कोंडीत रुतलेली असेल तर तो हप्त्यानं आणखी एक दुचाकी घेतो. मेट्रो सुरू होते त्या दिवशी ती दुचाकी त्याच्या दारात उभी असते आणि हप्ते अजून फिटायचे असतात.

हे सगळं कुणाला सुचलंच नाही असंही नाही. २०२१च्या जुलैमध्ये मध्यवस्तीसाठी ‘पुण्यदशम’ नावाच्या छोट्या बस सुरू झाल्या. दहा रुपयांत दिवसभर फिरा. पेठांच्या रुंदीला शोभणारी गाडी, हातात सुटे नसलेल्यालाही परवडणारा भाव. खोदाईच्या काळात मध्यवस्तीत काय करावं, याचं उत्तर त्या गाडीत बसलेलं होतं. फक्त त्या गाडीला पत्र्यांच्या फटीतून आधी काढणारा तो पोरगा प्रत्येक चौकात नव्हता.

उलट जिथे मोटारींचा विचार आधी झाला तिथे काय होतं, हे विद्यापीठ चौकानं दाखवलं. मेट्रोच्या हिंजवडी मार्गिकेच्या आड येतो म्हणून तिथला जेमतेम दीड दशकाचा उड्डाणपूल २०२०च्या जुलैमध्ये पाडला. टाळेबंदी होती, रस्ते ओस होते, पूल निर्विघ्न पडला. टाळेबंदी उठली आणि मग चौकात जे काही साठलं त्याला कोंडी म्हणणं म्हणजे कोंडीचा अपमान. औंधहून निघालेला माणूस गणेशखिंडीत पोचेतोवर फोनवर दोन मीटिंगा आटोपत असे. खाली मोटारी आणि वर मेट्रो असा नवा दुमजली पूल उभा राहून त्याची एक बाजू खुली व्हायला २०२५ उजाडलं. त्या पाच वर्षांत तिथे एक मार्गिका निव्वळ बससाठी राखून पाहायला हवी होती. जास्तीत जास्त काय झालं असतं? कोंडी झाली असती. ती होतीच.

कामाला माझा विरोध नाही, हे पुन्हा सांगतो. वनाज ते गरवारे आणि पिंपरी ते फुगेवाडी हे पहिले टप्पे २०२२च्या ६ मार्चला सुरू झाले, आणि २०२४च्या २९ सप्टेंबरला भुयारी मार्ग मंडईवरून स्वारगेटला पोचला. मंडईच्या स्थानकातून वर येताना हातात पिशव्या घेतलेल्या बायका दिसतात तेव्हा बरं वाटतं. ही मेट्रो हवीच होती. खरं तर वीस वर्षं आधी हवी होती. आणि ती बांधताना धूळ, आवाज, वळसा हे होणारच. पण वळसा वाटून घ्यायचा असतो, आणि वाटताना ज्याच्याकडे चार चाकं आहेत त्याला थोडा जास्त द्यायचा असतो.

हे आत्ताच बोलायला हवं, कारण पत्रे पुन्हा येणार आहेत. स्वारगेटपासून कात्रजपर्यंतचा सुमारे साडेपाच किलोमीटरचा भुयारी मार्ग २०२४ मध्ये मंजूर झाला आहे. वनाजची मेट्रो चांदणी चौकाकडे आणि रामवाडीची वाघोलीकडे नेण्यालाही २०२५ मध्ये मंजुरी मिळाली. म्हणजे सातारा रस्ता आणि नगर रस्ता, दोन्हीकडे चौकट छापायची वेळ येणार. तेव्हा ती छापणाऱ्यांना एवढीच विनंती: पहिल्या ओळीत बस कुठून जाईल आणि कुठे थांबेल ते लिहा. दुसऱ्या ओळीत चालणाऱ्यानं कुठून जायचं ते लिहा, आणि तिथे खरोखर दोन माणसं शेजारून जाऊ शकतील एवढी जागा पत्रे ठोकायच्या आधी आखून ठेवा. थांबा हलवलात तर जुन्या थांब्यावर नव्या थांब्याची पाटी लावा, आणि काम संपल्यावर तो परत आणायची तारीखही त्याच पाटीवर घाला. मोटारींचं काय करायचं ते शेवटच्या ओळीत लिहिलं तरी चालेल. मोटारवाल्यांनीही रागावू नये. आपल्याला बोळ माहीत आहेतच.